यवतेश्वरचा दम, केदारकंठाची पहाट

रात्री अडीचला तंबूबाहेर हेडटॉर्चची रांग लागली, तेव्हा साताऱ्याच्या त्या ट्रेकरचं डोकं ठणकत होतं. उत्तराखंडातल्या केदारकंठाचा शिखरदिवस. संध्याकाळी उलटी झाली होती, ती त्याने लपवली. यवतेश्वरचा घाट पळत चढणारा, सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पुरी केलेला गडी. त्याला काय होणार?

दोन तासांत तो दर वीस पावलांना थांबू लागला. गाईडने बर्फात रेघ ओढली आणि टाचेला पंजा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तोल गेला.

गाईडने वाद घातला नाही. सहायकासोबत त्याला थेट जूडा का तालाबच्या मुक्कामापर्यंत खाली धाडलं. तिथे पोचेपर्यंत डोकं हलकं झालं होतं.

पळण्याने पाय आणि छाती तयार होते, विरळ हवेची सवय होत नाही. कासचं पठार सुमारे 1,200 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईही 1,646. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरनंतर सुरू होतो; केदारकंठा 3,800 मीटर. सांगलीकरांनी दंडोबाच्या डोंगरावर कितीही फेऱ्या मारल्या तरी हा सराव घरी होत नाही. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते 2013 मध्ये एव्हरेस्टवर पोचल्या, 2021 मध्ये अन्नपूर्णा चढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अशा मोहिमांत शरीराला उंची पचवण्यासाठी आठवडे दिले जातात. आपण मोजून पाच-सहा दिवसांची रजा काढतो.

आता तो नवख्यांना तयारी सांगतो ती अशी. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जायचं नाही. तोल जात असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे झाकणाशी बर्फ धरत नाही. टॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात ठेवायचे, थंडीत ते लवकर उतरतात. परतीची वेळ आदल्या रात्रीच ठरवायची आणि उतरण्यापुरता दम राखायचा. मे 2019 मध्ये एव्हरेस्टवर रांगा लागल्या, तेव्हा ठाणे आणि पुण्याच्या दोन गिर्यारोहकांचा मृत्यू शिखर गाठल्यानंतर, परतीच्या वाटेवर झाला.

पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा गेला, एक दिवस जास्त हाताशी ठेवून. बेसकॅम्पवर जेवण उरकताच तो गाईडजवळ जाऊन बसला. म्हणाला, "भाईजी, सर थोडा भारी है."