सावड फेडायची, तशीच कंपनीही



बोईसरात 'कंपनी' म्हटलं की तारापूर एमआयडीसीतली शिफ्टच डोळ्यासमोर येते. तिथे मालक वेगळा, कामगार वेगळा. आपली शेतकरी उत्पादक कंपनी तशी नाही. ती समजायची तर सावड आठवा.

आवणीला आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. जमीन कुणाची किती, हे कोणी मोजत नसे. दिवसाला दिवस फेडायचा. जो फेडत नसे, त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी फिरकत नसे.

जुनी रीत म्हणून ती टाकायची नाही. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी शेतकरी 'पडकई' करतात, म्हणजे उतारावर एकमेकांची भातखाचरं मिळून बांधतात. ही पद्धत मागे पडत चालली होती. 'शाश्वत' संस्थेने तिला सरकारी रोजगार हमीची जोड मिळवून दिली. 2012 मध्ये या संस्थेला आंतरराष्ट्रीय 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

*आपल्या कंपनीतली सावड अशी:*

*1) मत:* शेअर एक असो वा शंभर, कायद्याने शेतकरी सभासदाला एकच मत.

*2) बोनस:* कंपनीच्या व्यवहारात ज्याचा सहभाग जास्त, त्याला बोनसचा वाटा जास्त.

*3) माल:* सावड मोडते ती इथे. समजा, वाशीला जाणाऱ्या टेम्पोचं भाडं 6,000 रुपये. कारल्याचे 60 क्रेट भरले तर क्रेटला 100 रुपये पडतात. ऐनवेळी निम्मा माल बांधावरच्या व्यापाऱ्याला गेला, तर उरलेल्या 30 क्रेटला प्रत्येकी 200. व्यापाऱ्याने क्रेटला 50 जास्त दिले, पण शेजाऱ्याचे 100 गेले. दोन-तीनदा असं झालं की टेम्पोच बंद. मग व्यापारीही भाव पाडतो, कारण तुम्हाला दुसरी वाट उरत नाही.

दवाखाना, शाळेची फी, रोख पैसा लागतोच, हे खरं. म्हणून सावड दोन्ही बाजूंनी फेडायची.

*सभासदांनी:*
✅ तोडणीच्या आदल्या दिवशी क्रेट किती ते कळवा.
✅ रोख रकमेची नड असेल तर माल बाहेर देण्याआधी फोन करा. काहीतरी मार्ग काढता येतो.

*कंपनीने:*
✅ वजनाची पावती त्याच दिवशी द्यायची.
✅ भाडं, हमाली, तोलाई सभेत वाचून दाखवायची.

वार्षिक सभेची लेखी सूचना किमान 14 दिवस आधी मिळणं हा तुमचा हक्क आहे. सभेला या, हिशेब विचारा. संकोच करू नका. सावडीत हिशेब डोक्यात राहायचा, कारण माणसं ओळखीची होती. इथे गावं अनेक आहेत, म्हणून हिशेब वहीत हवा आणि वही सगळ्यांना दिसायला हवी.

हा मेसेज घरातल्या बायाबापड्यांनाही वाचून दाखवा. तोडणी त्याच करतात.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी