दोन नाणी, एक मोल

गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले पैठण म्हणजे प्राचीन काळचे प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी व्यापारामुळे दूरदेशी प्रसिद्ध होती. जेथे दूरचा व्यापार, तेथे परक्या देशाचे नाणेही येतेच. आणि परके नाणे हाती आले की प्रश्न उभा राहतो, ‘याचे आपल्या नाण्यात मोल किती?’ हा प्रश्न पैठणच्या परिसराने दोन हजार वर्षे सोडविला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. पैठणहून अकीकाचे दगड गाड्यांत भरून भडोच बंदरास जात. त्याच बंदरात रोमन लोकांची सोन्याचांदीची नाणी येत आणि स्थानिक नाण्यांशी त्यांचा बदला केल्यास काही नफा होई, असे त्या ग्रंथात नमूद केले आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. हा उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचे मूल्य त्या लेखात दोन हजार सुवर्ण असे सांगितले असून, ३५ कार्षापणांस एक सुवर्ण हा दरही कोरलेला आहे. २,००० ला ३५ ने गुणिले असता ७०,००० येतात. दगडावर कोरलेला हा हिशेब आजही बरोबर उतरतो.

एका देशाचे नाणे दुसऱ्या देशाच्या जितक्या नाण्यांबरोबर बदलता येते, त्या प्रमाणास विनिमय दर म्हणतात.

पुढे निजामाच्या अमदानीत पैठणकरांना हा दर रोजच्या व्यवहारात लागू लागला. पैठण हैदराबाद संस्थानात होते, तर गोदावरीपलीकडचा शेवगाव तालुका इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होता. संस्थानचा रुपया तो ‘हाली’ आणि इंग्रजी रुपया तो ‘कलदार’. नाव दोघांचेही रुपयाच. दोहोंचे आणे सोळाच. परंतु मोल निराळे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलदार रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे, तर हाली रुपयात सुमारे ९.१ ग्रॅम. दोहोंमधील रूढ दरही या प्रमाणाशी जवळजवळ जुळत असे. तो दर होता सहा कलदार बरोबर सात हाली. म्हणजे शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत.

समजा, एखादा वारकरी नगरकडून नाथषष्ठीच्या यात्रेस बारा कलदार घेऊन आला. बारास सातने गुणून सहाने भागिले की चौदा येतात. तेव्हा त्यास चौदा हाली मिळावयास हवेत. ‘रुपयास रुपया’ असे समजून त्याने बाराच घेतले, तर त्याचे दोन रुपये हकनाक बुडत. सराफ बदलून देण्याच्या श्रमाबद्दल थोडा बट्टा कापून घेई. त्याने दोन आणे बट्टा घेतला, तर तेरा रुपये चौदा आणे हाती येत. बट्टा रास्त की अवाजवी, हे ज्यास मूळ दर ठाऊक त्यासच कळे.

आता उलट हिशेब पाहा. पैठणी विणणाऱ्या एखाद्या कारागिरास आपल्या वस्त्राचे १४० हाली हवे आहेत. मुंबईच्या व्यापाऱ्याने १२० कलदार दिले, तर वीस रुपये कमी मिळाले असे वाटेल. पण मोल तेच. मात्र त्याने १०५ कलदार घेतले, तर त्यांचे १२२ रुपये ८ आणे हाली होतात. म्हणजे साडेसतरा रुपयांचे नुकसान! कित्येक दिवस मागावर बसून केलेल्या श्रमाचे फळ अशा रीतीने हिशेबाच्या अज्ञानामुळे हातचे जाई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाली रुपया व्यवहारातून गेला. दोन्ही तीरांवर एकच रुपया आला. परंतु देशादेशांची नाणी आजही भिन्न आहेत. जपानचे चलन येन, तर दक्षिण कोरियाचे वॉन. एका येनास नऊ वॉन असा दर धरिल्यास एक हजार येनांचे नऊ हजार वॉन होतात. हा आकडा पाहून प्रवासी श्रीमंत झाला असे मानू नये. तेथील वस्तूंच्या किमतीही वॉनमध्येच मोठ्या आकड्यांनी सांगितल्या जातात. वॉनचे येन करावयाचे असल्यास नऊने भागावे, इतकेच.

आजचे दर नाण्यातील चांदीवर अवलंबून नाहीत. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका अमेरिकन डॉलरास ३६० येन असा दर ठरलेला होता. १९७३ पासून येन आणि १९९७ च्या डिसेंबरपासून वॉन यांचे दर मुख्यतः बाजारातील मागणी व पुरवठा यांप्रमाणे बदलतात. एखाद्या देशाच्या मालास परदेशांत मागणी वाढली, की त्याच्या चलनासही मागणी येते. देशातील महागाई आणि व्याजाचा दर यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून कालच्या दरावर विसंबून आज व्यवहार करू नये.

नाण्यांची संख्या म्हणजे संपत्ती नव्हे. त्या नाण्यांच्या मोबदल्यात काय मिळते, हे त्यांचे खरे मोल होय. ज्यास हे उमगले, तो परक्या बाजारातही फसत नाही, आणि दुसऱ्यास फसविण्याचे त्यास कारणही उरत नाही.

स्वाध्याय

१. विनिमय दर म्हणजे काय? पाठातील दोन उदाहरणे देऊन सांगा.
२. ४२ कलदार रुपयांचे हाली रुपये किती होतील?
३. एका येनास नऊ वॉन हा दर धरून ६३,००० वॉनचे येन करा.
४. ‘रुपयास रुपया’ असे समजणाऱ्या वारकऱ्याचे नुकसान का होई, ते आपल्या शब्दांत लिहा.