आघाडीपटूची घडण : कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाटचाल

फुटबॉलमध्ये आघाडीपटूचे, म्हणजेच रूढ शब्दात स्ट्रायकरचे, मूल्यमापन गोलांच्या संख्येवर होते. परंतु तो गोलपर्यंत कसा पोहोचला, त्याच्या पाठीशी कोणती व्यवस्था उभी होती, याची नोंद धावफलकावर नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हीच नोंद महत्त्वाची वाटते. या दृष्टीने कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची कारकीर्द आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अभ्यासण्याजोगी आहे.

अनिकेतचा जन्म १३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात झाला. वडील रिक्षाचालक. घरची परिस्थिती बेताची असली, तरी गाव फुटबॉलवेडे होते. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर सुरू झाले, की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. मुलाच्या पायात खेळ रुजण्यास असे वातावरण पुरेसे असते. तथापि तो खेळ व्यवसाय होण्यासाठी रोजचा शास्त्रशुद्ध सराव, पोषक आहार आणि शिक्षण यांची जोड लागते, आणि रिक्षाच्या मिळकतीत ती बसणे अवघड.

ही जोड त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मिळाली. राज्य शासनाच्या या निवासी योजनेत चाचण्यांमधून मुलांची निवड होते आणि निवास, भोजन, शिक्षण व प्रशिक्षण यांचा भार शासन उचलते. ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची चळवळ उभी केली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्याच नगरीतील मुलाला शतकानंतर निवासी शाळेनेच मैदान खुले केले. गरीब घरातील गुण वाया जाऊ नयेत, यासाठी निवाऱ्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत मैदानात उतरण्याची भारताची ही पहिलीच वेळ, आणि त्या संघात अनिकेत आघाडीपटू होता. दिल्लीतील तिन्ही सामने भारताने गमावले : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. भारताचा एकमेव गोल मणिपूरच्या जॅक्सन सिंगने केला. म्हणजे आघाडीपटू म्हणून अनिकेतच्या नावावर एकही गोल नव्हता. सतराव्या वर्षी साऱ्या देशासमोर असे रिते परतणे सोपे नसते. परंतु नोव्हेंबर संपण्यापूर्वीच इंडियन ॲरोज या युवा संघाने आय-लीगमध्ये चेन्नई सिटीला ३-० असे हरविले, आणि त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते.

पुढे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये तीन महिन्यांचे प्रशिक्षण, नंतर जमशेदपूर आणि २०२१ मध्ये हैदराबाद असा त्याचा प्रवास झाला. इंडियन सुपर लीगमध्ये त्या वेळी एका संघाला मैदानावर चार परदेशी खेळाडू उतरविण्याची मुभा होती. गोलसमोरची मधली जागा बहुधा परदेशी खेळाडूकडे जाते. हैदराबादकडे नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता. २०२१-२२ च्या हंगामात त्याने १८ गोल केले. अशा वेळी भारतीय आघाडीपटूला कडेने, विंगर म्हणून, खेळण्याची तयारी ठेवावी लागते. अनिकेतने ती ठेवली. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालवरील ४-० विजयात तीन गोल ओगबेचेचे आणि एक अनिकेतचा होता. २० मार्च २०२२ रोजी हैदराबादने लीगचे विजेतेपद मिळविले. त्याच महिन्यात त्याला वरिष्ठ भारतीय संघाचे दार उघडले. त्यानंतर तो ओडिशा संघाकडे गेला.

या वाटचालीतून काय घ्यावे? भिवंडीत यंत्रमागावर पाळी करणाऱ्या किंवा रिक्षा चालविणाऱ्या पालकांना मुलाचा खेळ अनेकदा चैन वाटतो. त्यांची भीती निराधार नाही. व्यावसायिक फुटबॉलपटूचे खेळण्याचे वय पस्तिशीच्या आसपास संपते. एखादी गुडघ्याची दुखापत ते त्याआधीच संपवू शकते. करारही ठरावीक मुदतीचे असतात. म्हणून खेळासाठी शाळा सोडू देऊ नये. मात्र शाळेसाठी खेळही सोडायला लावू नये. दोन्ही एका छताखाली मिळतील अशी व्यवस्था शोधावी, निवड चाचण्यांची माहिती वेळेवर मिळवावी आणि मुलगी खेळत असेल तर तिलाही तीच संधी द्यावी.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपल्यापैकी अनेकांना वसतिगृहातील एका खाटेने आणि दोन वेळच्या जेवणाने उभे केले. आज आपल्या शाळेतील एखाद्या मुलाला बुटांची जोडी, सरावाला जाण्याचे भाडे किंवा चाचणीच्या दिवशी सोबत लागेल. ती वेळेवर मिळाली, तर त्याच्या पायांतील गुणाला पुढची वाट सापडेल.