पदकतक्ता वाचायचा कसा?

आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा म्हणजे एशियाड नव्हे. ही फक्त धावणे, उड्या आणि फेकीची स्वतंत्र स्पर्धा. १९७३ साली फिलिपिन्समध्ये सुरू झाली. जिमखान्याच्या बोर्डासाठी मी तिच्यातील भारताच्या पदकांचा तक्ता करायला घेतला. त्यातल्या तीन ओळी पाहा:

२०१७ भुवनेश्वर – सुवर्ण १२, रौप्य ५, कांस्य १२, एकूण २९, क्रमांक पहिला
२०२३ बँकॉक – सुवर्ण ६, रौप्य १२, कांस्य ९, एकूण २७, क्रमांक तिसरा
२०२५ गुमी (द. कोरिया) – सुवर्ण ८, रौप्य १०, कांस्य ६, एकूण २४, क्रमांक दुसरा

शेवटच्या दोन ओळींत गंमत आहे. पदके तीन कमी झाली, तरी क्रमांक वर गेला! कारण क्रमवारी आधी सुवर्ण मोजते, मग रौप्य, मग कांस्य. म्हणून नुसत्या क्रमांकावरून प्रगती ठरवू नये.

दुसरे, यजमानपद. भुवनेश्वरला आपण प्रथमच अव्वल आलो, ते घरच्या मैदानावर. पण २०१३ साली पुण्यात बालेवाडीलाही मैदान घरचेच होते, आणि सुवर्ण फक्त दोन. म्हणजे घरचे मैदान मदत करते, पदक देत नाही.

तिसरे, तक्त्यावरची तारीख. भुवनेश्वरचे वरचे आकडे स्पर्धा संपली तेव्हाचे आहेत. त्यातले गोळाफेकीचे एक सुवर्ण पुढे उत्तेजक चाचणीमुळे काढून घेतले गेले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पदके किती जणांत वाटली गेली. १९८५ला जकार्तात पी. टी. उषाने एकटीने पाच सुवर्ण मिळवली. पैकी चार वैयक्तिक, पाचवे ४×४०० रिलेचे. पराक्रम अफाटच! पण असा खेळाडू थांबला की तक्ता एकदम रिकामा दिसू लागतो. गुमीत मात्र सहा वैयक्तिक सुवर्ण पाच जणांनी आणली. गुलवीर सिंगची दोन. बाकी बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे, ज्योती याराजी, पूजा सिंग आणि नंदिनी अगसारा. शिवाय दोन सुवर्ण रिलेची. रिलेला चार चांगले पाय लागत नाहीत, आठ लागतात!

आपल्याकडेही एखादे हॉस्टेल एकाच पठ्ठ्याच्या जिवावर ढाल नेते. तो पास आऊट झाला की ढाल गेलीच. तेव्हा यंदा ढाल कोणाची हे विचारण्याआधी रिलेची टीम कोणाची होते ते बघा.