मीटर खरे की कान?
महागड्या ध्वनियंत्रांचा वाद आणि आपला दुकानदार

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तरुण वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. वडील कुवेतमध्ये एकोणीस वर्षे नोकरी करून परतले. त्यांच्या शिलकीतील दोन लाख रुपये घालून बाजारपेठेत चांगल्या प्रतीच्या स्पीकर-अॅम्प्लिफायरचे दुकान काढावे, असा या मुलाचा विचार आहे. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याने त्याला मालाची यादी करून दिली. त्या यादीत सत्तर हजारांचा माल म्हणजे नुसत्या केबल! "नफा केबलमध्येच असतो," असे व्यापाऱ्याचे म्हणणे. मुलाचा मामेभाऊ इंजिनियर आहे. तो म्हणतो, ही सगळी फसवणूक आहे, तांब्याची तार ती तांब्याची तार. व्यापारी म्हणतो, ज्याला कान आहेत त्याला फरक कळतो. मुलगा विचारतो, "साहेब, मी कोणाचे ऐकू?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. या मालाच्या शौकिनांत गेली साठ वर्षे हाच वाद चालू आहे आणि त्यात दोन्हीकडे शहाणी माणसे आहेत. म्हणून आम्ही या वेळी तोच विषय घेतला आहे.

वादाचे मूळ अमेरिकेत सापडते. १९५० नंतर घरोघरी 'हाय-फाय' यंत्रे आली, तेव्हा मासिके यंत्राला मीटर लावून आकडे छापत आणि आकडे चांगले तर यंत्र चांगले, असा निवाडा देत. जे. गॉर्डन होल्ट नावाच्या लेखकाला हे पटेना. यंत्र ऐकण्यासाठी घेतो, मग ऐकून का पारखू नये, असे त्याचे म्हणणे. त्याने १९६२ साली 'स्टिरिओफाइल' हे स्वतःचे मासिक काढले. १९७३ मध्ये हॅरी पिअरसन यांचे 'द अॅब्सोल्यूट साउंड' निघाले. येथून कानवाल्यांचा पक्ष उभा राहिला. मीटरवाल्यांचा पक्ष होताच. मीटरवाले म्हणतात, जे मोजता येत नाही ते ऐकूही येत नाही. कानवाले म्हणतात, तुमच्या मीटरला संगीत कळत नाही.

आता दुकानदाराच्या नजरेने पाहू. वाद सगळ्या मालाबद्दल सारखाच नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्पीकरबद्दल तो जवळजवळ नाहीच. दोन स्पीकर शेजारी ठेवले तर आमच्यासारख्या अडाण्यालाही फरक कळतो, आणि मीटरही तो दाखवते. रेकॉर्ड वाजवण्याच्या सुईचेही तसेच. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्येही कानवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अशा बऱ्याच यंत्रांचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकर बदलला की आवाजाचा पोतही थोडा बदलतो. हा भ्रम नव्हे.

चांगल्या बनावटीचे दोन ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर त्यांच्या ताकदीच्या आत चालवले की मात्र वाद सुरू होतो. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने 'स्टिरिओफाइल'च्या मंडळींना आव्हान दिले की, तुमच्या पसंतीच्या महागड्या अॅम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या स्वस्त यंत्रातून काढून दाखवतो. मासिकाने एक महाग व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर पुढे केला. कार्व्हरने हॉटेलच्या खोलीत बसून दोन दिवसांत आपल्या ट्रान्झिस्टर यंत्राची जुळणी केली. शेवटी खुद्द होल्ट यांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. गंमत अशी की या निकालाने दोन्ही पक्ष खूश झाले. मूळ यंत्रांत फरक होता म्हणून तर जुळणी करावी लागली, असे कानवाले म्हणाले. फरक मोजता आला म्हणून तर घालवता आला, असे मीटरवाले म्हणाले.

केबलचा हिशेब मात्र शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. विजेच्या दुकानात मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. स्पीकर पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे तारेचा वाटा शंभरात एकही नाही. हीच तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची, घंटीला लावतात तसली घेतली, तर रोध सुमारे ०.३४ ओहम होतो आणि चार ओहमच्या स्पीकरवर तो शंभरात आठाच्या पुढे जातो. तेव्हा थोडा फरक पडू शकतो. म्हणजे "तारेत काहीच नाही" हे मामेभावाचे म्हणणेही पुरते बरोबर नाही. तार पुरेशी जाड हवी, जोड घट्ट हवेत. त्यापुढे मीटरला हजारो रुपये मोजून काय मिळते, ते व्यापाऱ्याने दाखवून द्यावे. आम्हाला तरी ते कोणत्या हिशेबात बसलेले दिसले नाही.

मग इतक्या प्रामाणिक माणसांना फरक ऐकू येतो तो कसा? ते खोटे बोलतात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. कान एकटा ऐकत नाही, डोळा आणि खिसाही त्याच्यासोबत ऐकतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन शास्त्रज्ञांनी हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत एक प्रयोग केला. कंपनीच्याच चाळीस माणसांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले, एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना एका लहान, स्वस्त संचाचे गुण उतरले. पडदा ओढला तेव्हा त्याच संचाने बरे गुण मिळवले. आवाज तोच, माणसे तीच, आणि तीही याच धंद्यातली.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. एक यंत्र दुसऱ्यापेक्षा अगदी थोडे मोठे वाजत असेल तर ऐकणारा "हे मोठे आहे" असे म्हणत नाही, "हे जास्त स्वच्छ आहे" असे म्हणतो. विक्रेत्याला हे ठाऊक असते. आम्हीही एकदा एका दुकानात असेच फसलो. महाग यंत्र लावताना विक्रेत्याचा अंगठा आवाजाच्या बटणावर होता, हे घरी आल्यावर ध्यानात आले. तोवर बिल फाटले होते.

कानवाल्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ते म्हणतात, परक्या खोलीत, परीक्षेला बसल्यासारखे ऐकताना बारीक फरक निसटतो, आणि फरक सापडला नाही म्हणजे तो नाहीच असे सिद्ध होत नाही. यात तथ्य आहे. उच्च दर्जाच्या डिजिटल ध्वनिमुद्रणाचेच पाहा. ते सीडीपेक्षा सरस ऐकू येते का, याची चाचणी अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी घेतली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केली. ५५४ वेळा विचारून २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखे निम्मे. पण २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा अठरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२ च्या थोडे वर निघाले. शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढले. फरक आहे, पण इतका बारीक की त्यासाठी गिऱ्हाइकाने कर्ज काढावे असा नाही.

या सगळ्यात आम्हाला व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके वाटते ते २०२२ सालचे प्रकरण. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतील जुनी कंपनी, स्थापना १९७७ ची. गाजलेल्या गाण्यांच्या रेकॉर्ड मूळ मास्टर टेपवरून नव्याने काढून विकणे हा तिचा धंदा. वेष्टनावर मूळ मास्टरची पट्टी ठळक छापलेली असे. टेपपासून तबकडीपर्यंत मध्ये कुठेही डिजिटल पायरी नाही, असे शौकीन धरून चालले होते. त्यांच्यातल्या कट्टर मंडळींना 'डिजिटल' हा शब्दही सोसत नाही. कंपनीच्या खास रेकॉर्डची किंमत एकेकी १२५ डॉलर होती.

मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या चाळीस हजार प्रती याच खास पद्धतीने काढू, असे कंपनीने जाहीर केले. या पद्धतीत एका कोरलेल्या तबकडीपासून एकच साचा निघतो आणि एका साच्यातून मोजक्याच प्रती निघतात. चाळीस हजारांसाठी पुनःपुन्हा कोरावे लागणार आणि दर खेपेला ती चाळीस वर्षांची टेप चालवावी लागणार. इतकी मौल्यवान टेप कोण इतक्या वेळा झिजवू देईल? शौकिनांत शंका निघाली. जुलै महिन्यात फिनिक्स शहरातील एका रेकॉर्ड दुकानदाराने उघड सांगितले की, ही कंपनी मधल्या पायरीला डिजिटल प्रत वापरते. त्याच्यावर चौफेर टीका झाली. कंपनीने त्याला आपल्याकडे बोलावले, आणि तेथे तिच्याच तंत्रज्ञांनी ती गोष्ट कबूल केली. २०११ पासून हे चालू होते.

अकरा वर्षे! या काळात याच रेकॉर्डना डिजिटलचा स्पर्श नाही म्हणून वाखाणणारे समीक्षक होते आणि त्याच कारणासाठी पैसे मोजणारे शौकीन होते. त्या पायरीचा आवाज त्यांपैकी कोणाच्या कानाने पकडला नव्हता. बातमी फुटली तेव्हा मीटरवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

आमच्या मते टाळ्या पिटण्याचे कारण नव्हते. रेकॉर्ड वाईट नव्हत्या, उत्तमच होत्या. आजही कित्येक जण त्या आवडीने ऐकतात. पण गिऱ्हाइकाने नुसता आवाज विकत घेतला नव्हता, वर्णन विकत घेतले होते, आणि वर्णन अपुरे होते. गिऱ्हाइकाचा गैरसमज कंपनीने दूर केला नाही. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि प्रत्येक रेकॉर्ड कशावरून काढली ते कंपनी लिहू लागली. ग्राहकांनी न्यायालयात दावा लावला. त्यात २०२३ मध्ये तडजोड होऊन रेकॉर्ड परत करणाऱ्याला पैसे परत देण्याचे ठरले. "माल तर चांगलाच होता ना?" हा बचाव तेथे पुरला नाही. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे.

होल्ट यांचेही पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. कानाने पारखा म्हणणारा हा माणूस म्हातारपणी, २००७ मध्ये, आपल्याच पक्षावर रागावला. डोळे झाकून चाचणी द्यायला नकार दिला तेव्हापासून या धंद्याची पत गेली, असे त्याने स्पष्ट सांगितले. यंत्र ऐकून पारखावे हे त्याने कधी सोडले नाही. पण ऐकताना किमतीची चिठ्ठी झाकलेली असावी, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आता आपल्या बाजाराबद्दल थोडेसे. कोकणात आखातातून आलेला टेपरेकॉर्डर पाहुण्यांना दिसेल असा ठेवण्याची रीत आम्ही पाहिली आहे, आणि त्या पेटीवर हजारो वॅट 'पीएमपीओ' छापलेले असे तेही आठवते. तो आकडा निव्वळ फुगवलेला. गिऱ्हाईक अजूनही पहिला प्रश्न करते, "किती वॅट?" त्याला सांगावे की पन्नासाचे शंभर वॅट केले तर वाढ फक्त तीन डेसिबलची, आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. आपल्या घरांत फरशी उघडी, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. बारा फुटांच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज आपोआप फुगतो. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला आणि जाड सतरंजी टाकली, तर जो फरक पडतो तो कोणत्याही केबलने पडणार नाही. तो फुकट आहे म्हणून कोणी सांगत नाही.

त्या मुलाला आम्ही असे कळवले आहे. केबलचा माल सत्तर हजारांवरून पाच हजारांवर आणावा आणि त्यात जाड, साधी तार ठेवावी. कोणी स्वतः होऊन महाग केबल मागितली तर मागवून द्यावी. हौसेला मोल असते, घड्याळ काय नुसत्या वेळेसाठी घेतात? पण "आवाज सुधारतो" हे शब्द आपल्या तोंडून किंवा बिलावर जाऊ देऊ नयेत. दोन यंत्रांत बदल करणारी स्विचची पेटी आणि एक साधे मल्टिमीटर घ्यावे. शंभर-दोनशे हर्ट्झचा सूर लावून दोन्ही यंत्रांचा व्होल्टेज स्पीकरच्या टोकांवर एकसारखा करावा, फरक शेकडा एकाच्या आत असावा, आणि मगच गिऱ्हाइकाला ऐकवावे. पडद्याआड दहापैकी नऊ वेळा त्याने महाग यंत्र ओळखले तर खुशाल विकावे. अंदाजाने तेवढे साधण्याची शक्यता शेकडा एकाच्या आसपास आहे. सहा वेळा ओळखले तर स्वस्तातले द्यावे. "दोनशे तास वाजवा, मग केबल मोकळी होईल" असे सांगून माल परत घेण्याची मुदत टाळू नये. केबलमध्ये मोकळे व्हायला हलणारा भागच नाही. उलट सात दिवसांत माल परत घेण्याचे बिलावर लिहून द्यावे.

वाचलेल्या पासष्ट हजारांत स्पीकरचे आणखी दोन-तीन प्रकार ठेवता येतील, कारण गिऱ्हाइकाला खरी निवड तेथेच करायची असते. या बदललेल्या यादीला घाऊक व्यापारी तयार झाला नाही, तर मुलाने वडिलांना घेऊन एक दिवस लॅमिंग्टन रोडवर जावे. तेथे माल देणारे पुष्कळ आहेत.