बोरला पुन्हा जाशील तेव्हा

बेटा, पहिल्या खेपेला बोरला जो तो वाघ पाहायलाच जातो. जाऊ दे. दुसऱ्या खेपेला मात्र तोच जुना रस्ता माग. जिप्सीवाला म्हणेल, तिकडं काल वाघीण दिसली, तिकडं चला. भुलू नको. ओळखीच्या रस्त्यावरच काय बदललं ते कळतं. 1970 पासूनचं हे अभयारण्य 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हा देशातलं सर्वांत लहान होतं, जेमतेम 138 चौरस किलोमीटर. पेंच-ताडोब्यापुढे लोक त्याला नाक मुरडतात. मुरडोत बापडे, गर्दी तेवढीच कमी.

फाल्गुनात जा. सागाची पानं झडलेली असतात, नजर आत पोचते. मोह गळू लागला की पहाटे झाडाखाली अस्वल येऊन जातं. जवळपास वारूळ उकरलेलं दिसलं तर तेही त्याचंच काम. मे महिन्यात पाणवठा धरून बैस, भटकू नको.

मुख्य गोष्ट कानाची. गाडी बंद करायला लाव आणि पाच मिनिटं कोणी बोलू नका. चितळ भित्रं, पान हललं तरी ओरडतं. त्याच्या एकट्याच्या हाकेवर गाडी पळवायची नाही. वानर शेंड्यावरून पाहतं, खाकरतं. ते कुठं तोंड करून बसलंय, तिकडं दुर्बीण लाव. आणि सांबरानं 'ढांक' केलं, थांबून पुन्हा केलं, तर वाघ-बिबट जवळच आहे असं समज. सांबर सहसा फुकट ओरडत नाही.

धुळीतला माग वाचायला शीक. कडा धारदार तर ताजा. वरून किड्याची रेघ गेली असेल, तर जुना. कालच्या संध्याकाळच्या फेरीच्या चाकोरीवर पंजा उमटला असेल, तर वाघ त्यानंतर गेला. नराचा पंजा चौकोनी बसतो, मादीचा लांबट. खाली उतरून फोटो काढायचा मोह मात्र आवर, तिथं पाय टाकायची परवानगी नाही.

भडक कपडे नकोत, अत्तर तर नकोच. घरी आल्यावर तारीख, वेळ, जागा वहीत लिही. वाघ दिसला नाही त्या दिवशी तर जरूर लिही.

परतताना अंधार पडला असेल तर गाडी हळू हाक. इथले वाघ दुसऱ्या जंगलांत जातात-येतात, वाटेत आपले रस्ते ओलांडतात. बोरचा बाजीराव नावाचा वाघ 2017 च्या डिसेंबरअखेर बाजारगावजवळ महामार्गावर गाडीच्या धडकेनं मेला.