एकाच प्रोसेसरवर कोसळणारा सी प्रोग्राम

आपला प्रोग्राम इंटेलच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो आणि रास्पबेरी पायवर, म्हणजे एआरएम प्रोसेसरवर, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन बंद पडतो. अशा वेळी प्रोसेसरवर किंवा कंपायलरवर संशय घेण्याची घाई करू नये. चूक बहुधा कोडमध्येच असते. एक प्रोसेसर ती खपवून घेतो, दुसरा घेत नाही. शोध पुढील क्रमाने घ्यावा.

१. दोन्हीकडे तोच सोर्स, तीच कंपायलर आवृत्ती, तेच पर्याय आणि तोच इनपुट वापरावा. ऑप्टिमायझेशन बंद केल्यावर क्रॅश थांबला, तर तशी नोंद करावी. बग गेला असे समजू नये.

२. सगळ्या वॉर्निंग चालू करून नव्याने कंपाइल करावे. घोषणा न करता वापरलेले फंक्शन ‘इंट’ परत देते, असे जुने सी धरून चालते. त्या फंक्शनने ६४ बिटांचा पॉइंटर दिला, तर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. जीसीसी १४ पासून ही थेट एररच आहे; जुन्या कंपायलरवर मात्र ती वॉर्निंगच्या गर्दीत हरवते.

३. डीबग माहितीसह बिल्ड करून, ज्या यंत्रावर क्रॅश होतो तिथलाच कोअर डंप (प्रोग्राम कोसळतानाच्या मेमरीची प्रत) घ्यावा आणि जीडीबीमध्ये उघडावा. आधी बॅकट्रेस, मग नेमकी अडकलेली मशीन इन्स्ट्रक्शन आणि रजिस्टर पाहावेत. सिग्नल ‘बस एरर’ असेल, तर अलाइनमेंटकडे, म्हणजे पत्ता ४ किंवा ८ च्या पटीत आहे का, याकडे वळावे. बाइटच्या बफरवर थेट ‘इंट’चा पॉइंटर लावलेला सापडल्यास तिथे मेमकॉपी वापरावे.

४. यानंतर ‘कॅर’ टाइप तपासावा. लिनक्सवर साधा कॅर इंटेलसाठी चिन्हासह, तर एआरएमसाठी चिन्हाविना असतो. सीचे मानक दोन्हींना मुभा देते. गेटकॅरचे उत्तर कॅर व्हेरिएबलमध्ये ठेवून ते ईओएफशी ताडणारा लूप घ्या. ईओएफ म्हणजे सहसा उणे १. एआरएमवर ते साठवताना २५५ होते, तुलना कधीच जुळत नाही, आणि लूप बफर ओलांडून लिहीत सुटतो. इंटेलवर लूप थांबतो खरा, पण फाइलमध्ये २५५ हा बाइट आला की मध्येच थांबतो! कॅरला चिन्ह देणारा कंपायलर पर्याय लावला, तर क्रॅश जातो आणि ही दुसरी चूक तशीच राहते. व्हेरिएबल ‘इंट’ करावे.

५. ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड-बिहेवियर हे दोन्ही सॅनिटायझर चालू करून प्रोग्राम इंटेलवरही चालवावा. ही पायरी अनेक जण गाळतात. चुकीचे अलाइनमेंट किंवा मर्यादेबाहेरचे शिफ्ट इंटेल निमूटपणे चालवून घेतो. सॅनिटायझर मात्र ओळ क्रमांकासह दाखवतो.

६. एआरएमचे यंत्र हाताशी नसेल, तर क्यूईएमयू हा एम्युलेटर वापरावा. थ्रेडचा बग असेल, तर त्यावर विसंबू नये. एआरएम मेमरीतील लिहिण्या-वाचण्याचा क्रम इंटेलपेक्षा सैल ठेवतो, आणि इंटेलवर चालणाऱ्या एम्युलेटरमध्ये हा सैलपणा सहसा दिसत नाही. तिथे खरे यंत्रच मिळवावे, आणि थ्रेडमधला सामायिक फ्लॅग ‘व्होलटाइल’ असेल, तर तो सी ११ च्या अ‍ॅटॉमिक टाइपमध्ये बदलावा.